विंडोज रजिस्ट्री म्हणजे काय? त्यात बदल करण्याआधी हे वाचा

'ही फाइल डबल क्लिक करा, कॉम्प्युटर सुसाट पळेल' असे रील्स आणि व्हॉट्सॲप फॉरवर्ड तुम्हीही पाहिले असतील. अशी फाइल अनेकदा 'डॉट रेग' प्रकारची असते आणि ती थेट विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करते. ही रजिस्ट्री नेमकी काय असते?

सेटिंग्जची नोंदवही

रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची मध्यवर्ती नोंदवही. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज 'डॉट आयएनआय' नावाच्या वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायचा. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री मर्यादित स्वरूपात आली. पुढे विंडोज एनटी आणि विंडोज ९५ मध्ये तीच सेटिंग्जचं मुख्य ठिकाण बनली.

आतली रचना कशी असते?

रजिस्ट्री फोल्डरसारखी दिसते. इथल्या फोल्डरला 'की' म्हणतात. कीच्या आत आणखी की किंवा 'व्हॅल्यू' असतात. प्रत्येक व्हॅल्यूला नाव, प्रकार आणि डेटा असतो. डेटा कधी मजकूर असतो, तर कधी आकडा. बऱ्याच ठिकाणी ० म्हणजे बंद आणि १ म्हणजे चालू.

सगळ्यात वर पाच मुख्य की दिसतात. त्यातल्या दोन महत्त्वाच्या: 'लोकल मशीन'मध्ये संपूर्ण कॉम्प्युटरच्या सेटिंग्ज असतात, तर 'करंट यूजर'मध्ये फक्त लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या.

उदाहरण मराठी कीबोर्डचं

विंडोजमध्ये मराठीचा क्रमांक ११०२ आहे. रजिस्ट्रीत तो हेक्साडेसिमल पद्धतीने '०००००४४ई' असा दिसतो. लोकल मशीनमधल्या 'कीबोर्ड लेआउट्स' या कीमध्ये याच नावाने मराठी कीबोर्डची नोंद असते. ही झाली कॉम्प्युटरवर उपलब्ध कीबोर्डची यादी.

आता समजा, दिंडोशीतल्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एखाद्या दुकानात एकाच पीसीवर दोघांची अकाउंट आहेत. त्यातल्या एकानेच मराठी कीबोर्ड जोडला, तर ती निवड त्याच्याच 'करंट यूजर'मध्ये नोंदवली जाते. दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये मराठी दिसत नाही, ती यामुळेच.

बदल कसा करतात?

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'रेजएडिट' टाइप केलं की रजिस्ट्री एडिटर उघडतो. व्हॅल्यूवर डबल क्लिक करून डेटा बदलता येतो. खरी जोखीम इथेच आहे. या एडिटरमध्ये वेगळं 'सेव्ह' बटण नाही आणि 'अनडू'ही नाही. 'ओके' दाबताच बदल नोंदवला जातो. चुकीची की डिलीट झाली तर प्रोग्रॅम बंद पडू शकतो, प्रसंगी विंडोजच सुरू होत नाही.

म्हणून आधी त्या कीवर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट' करा. पण हा बॅकअप परत इम्पोर्ट केल्यावर जुन्या व्हॅल्यू परत येतात, नव्याने जोडलेल्या व्हॅल्यू मात्र तशाच राहतात. त्यामुळे सोबत 'सिस्टीम रिस्टोअर पॉइंट'ही तयार करा.

फॉरवर्ड आलेली फाइल कशी तपासायची?

डॉट रेग फाइल ही साधी टेक्स्ट फाइल असते. डबल क्लिक करू नका, नोटपॅडमध्ये उघडा आणि हे पाहा:

- कीच्या नावाआधी वजाचं चिन्ह असेल, तर ती की डिलीट होणार आहे.
- 'रन' नावाची की असेल, तर लॉगिन करताच एखादा प्रोग्रॅम आपोआप सुरू होऊ शकतो. मालवेअर ही जागा सर्रास वापरतात.
- 'डिफेंडर' हा शब्द असेल, तर अँटिव्हायरस बंद करण्याचा प्रयत्न असू शकतो.

यातली एखादी ओळ कशासाठी आहे हे कळत नसेल, तर ती फाइल चालवू नका. 'रजिस्ट्री क्लीनर' ॲप्सपासूनही लांब राहा. अशा ॲप्सच्या वापराला मायक्रोसॉफ्टचं समर्थन नाही. हवा असलेला बदल विंडोजच्या 'सेटिंग्ज' ॲपमध्ये मिळत असेल, तर तिथूनच करा. नोंद रजिस्ट्रीतच होते, पण विंडोजच्या देखरेखीखाली.