नागवल्लीचं माहेर

‘भूल भुलैया’ या हिंदी चित्रपटातली मंजुलिका मराठी घराघरांत ओळखीची आहे. विद्या बालनचे ते विस्फारलेले डोळे, तो बंगाली आवाज, आणि त्याआधी तासभर परेश रावल, राजपाल यादव यांनी घातलेला धुडगूस. पण २००७ ची ही मंजुलिका त्या घराण्यातली धाकटी. थोरलीचं नाव नागवल्ली, आणि तिचं माहेर तंजावर.

२५ डिसेंबर १९९३ रोजी ‘मणिचित्रताळ’ हा मल्याळम चित्रपट आला. दिग्दर्शक फाझिल, लेखक मधु मुट्टम. केरळातल्या माडंपळ्ळी घराण्याचा कर्ता शंकरन तंपी तंजावरहून नागवल्ली नावाची नर्तकी आणतो. तिचा जीव रामनाथन नावाच्या नर्तकावर. तंपी दुर्गाष्टमीच्या रात्री तिला ठार मारतो आणि ती सूड घ्यायला परतते, अशी घराण्यात चालत आलेली गोष्ट. पुढे नव्या पिढीतली सून गंगा वाड्यातली बंद ठेवलेली खोली उघडते आणि रात्री-बेरात्री पैंजण वाजू लागतात. भूत मात्र नसतंच. गंगेचं दुभंगलेलं मन नागवल्ली होऊन तमिळ बोलू लागलेलं असतं. गंगेच्या भूमिकेसाठी शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मग ही नर्तकी तंजावरचीच का? केरळच्या बड्या घराण्यांना तंजावर म्हणजे नाच-गाण्याचं उगमस्थान वाटायचं, आणि ते उगाच नव्हे. आज भरतनाट्यम म्हणून जो कार्यक्रम रंगमंचावर दिसतो, त्याचा क्रम चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी बसवला. त्यांना आश्रय होता तंजावरचे मराठा राजे सरफोजी भोसले (दुसरे) यांचा. चौघांतला वडिवेलू पुढे केरळातल्या त्रावणकोरला राजा स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारी गेला. त्याच दरबारात तंजावरचे मराठी कीर्तनकार मेरुस्वामी होते, आणि राजाचे शिक्षक सुब्बाराव हेही तंजावरचेच मराठी. तंपीने ज्या वाटेने नर्तकी आणली, ती वाट आपल्याच माणसांनी मळवलेली होती. आणि बाई आपल्या मुलखातून उचलून दूर नेणं ही तरी कुठे नुसती कादंबरी? १८८० मध्ये तंजावरची राजकन्या सयाजीराव गायकवाडांची राणी होऊन बडोद्याला गेली, तेव्हा तिच्यासोबत तिथल्या नर्तकी आणि नट्टुवनारही (नृत्यगुरू) गेले. त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

पुनर्निर्मितीत नागवल्लीचा मुलूख बदलत गेला. २००४ चा कन्नड ‘आप्तमित्र’, २००५ चा रजनीकांतचा तमिळ ‘चंद्रमुखी’. तमिळ प्रेक्षकाला तमिळ बोलणारी बाई परकी कशी वाटणार? म्हणून चंद्रमुखी तेलुगू बोलू लागली आणि हिंदीत मंजुलिका बंगाली. झपाटलेली सून घरच्यांना न कळणाऱ्या भाषेत बोलली पाहिजे, हे या गोष्टीचं मर्म दिग्दर्शकांनी नेमकं ओळखलं. गंमत म्हणजे भोसल्यांच्या तंजावरात राजा मराठी, रस्ता तमिळ आणि नाचाची पदं बरीचशी तेलुगू. तेव्हा चंद्रमुखीचं तेलुगूही तंजावरच्या नर्तकीला शोभलंच असतं!

तंजावरचेच राजे शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी तर ‘पंचभाषाविलास’ नाटकात पाच भाषा एकत्र खेळवल्या. त्यांचं ‘सतीदानशूरमु’ हे तेलुगू यक्षगान तर निव्वळ धमाल आहे. जत्रेला आलेला एक भटजी अस्पृश्य स्त्रीच्या मागे लागतो, तिचा नवरा तिला चक्क दान देऊन टाकतो, आणि शेवटी कळतं की ते दोघे साक्षात शिव-पार्वती! अलौकिक आणि विनोदी एकाच पंगतीत बसवायला तंजावरला चित्रपटाची वाट पाहावी लागली नव्हती. फाझिलने हे नाटक वाचलं असेल असं मी म्हणत नाही. दक्षिणेतल्या प्रेक्षकाला ही सरमिसळ परकी नव्हती, एवढंच.

‘मणिचित्रताळ’ पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तो रहस्यामुळे नव्हे. ते तर पहिल्याच खेपेला फुटतं. विनोदी नट इनोसंट आणि पप्पू भित्रेपणाने हसवतात तेव्हा आपण सैल होतो, आणि त्याच सैलपणात गंगा घसरत जाते. दुसऱ्यांदा पाहताना विनोदाच्या प्रसंगात मागे उभी असलेली गंगा दिसू लागते. शेवटी मोहनलालचा मनोविकारतज्ज्ञ मांत्रिकाला हाकलत नाही, त्याची मदत घेतो. नागवल्लीला सूड मिळाल्याचा देखावा रचला जातो आणि गंगा सुटते. नागवल्लीवर झालेला अन्याय हा मात्र देखावा नाही, हे चित्रपट विसरत नाही.

मूळ चित्रपटाच्या दुसऱ्या पथकाचं दिग्दर्शन करणाऱ्यांत प्रियदर्शन होते, म्हणून त्यांचा ‘भूल भुलैया’ बराच मुळाला धरून राहिला. २०२२ च्या दुसऱ्या भागात मात्र खरंच भूत आणलं, आणि तिथे गोष्ट संपली. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘मणिचित्रताळ’ नव्या, स्वच्छ प्रतीत पुन्हा चित्रपटगृहांत लागला. मंजुलिका आवडली असेल, तर एकदा उपशीर्षकांसह तिची थोरली बहीण पाहाच.