खड्डा भरल्यावर काय?

अजिंठ्याच्या लेण्यांत आपण वर बघत फिरतो. छतावरची चित्रं, भिंतीवरच्या कथा. एकदा पायाखालच्या दगडाकडे बघा. हा काळा बसाल्ट आहे. १७ क्रमांकाच्या लेण्याजवळ याच कातळात पाण्याचं टाकं कोरलेलं आहे. अखंड कातळ पाणी धरून ठेवतो, म्हणून ते जमलं. लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटरवर अजिंठा गाव आहे. या भागात संडासासाठी खड्डा खणायला घेतला की आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि खाली हाच कातळ. जो गुण टाक्याला हवा, तोच शोषखड्ड्याला नको.

घराघरातल्या संडासाच्या सरकारी धोरणाचा इतिहास याच तळाशी येऊन अडतो. संडास कसे वाढवायचे, हे सरकारला हळूहळू जमलं. खड्डा भरल्यावर काय करायचं आणि ते कोणी करायचं, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

महाराष्ट्रात हा प्रश्न आधी विचारला तो सरकारबाहेरच्या माणसांनी. १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मैला सफाईचं काम मागितलं. जन्माने ब्राह्मण म्हणून ते नाकारलं गेलं, तेव्हा त्यांनी अन्न सोडलं. त्यांना पाठिंबा म्हणून गांधींनीही येरवड्यात उपवास केला. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी संडासावरच प्रयोग केले. मैल्याचं सोनखत व्हावं आणि तो कुणालाही डोक्यावरून वाहावा लागू नये, हा त्यामागचा विचार. त्याच वाटेने डॉ. मापुसकरांनी देहूत अनेक वर्षं काम केलं. मैल्यापासून गॅस देणारे संडास त्यांनी गावात उभे केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

सरकारी बाजूने १९४९ मध्ये मुंबई राज्याने सफाई कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करायला बर्वे समिती नेमली. अजिंठा तेव्हा हैदराबाद राज्यात होतं, त्यामुळे मराठवाडा त्या चौकशीबाहेर राहिला. हाताने मैला उचलायला लावणाऱ्या कोरड्या संडासांवर बंदी घालणारा कायदा यायला १९९३ उजाडलं.

दरम्यान योजनांची रांग लागली होती. १९८६ चा केंद्रीय ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम, १९९९ चं संपूर्ण स्वच्छता अभियान आणि २०००-०१ पासून महाराष्ट्राचं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान. मग २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत आलं. पात्र घराला १२,००० रुपये आणि बांधलेल्या संडासाचा ठिकाणासह फोटो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ज्याचा आकडा स्क्रीनवर दिसतो तेच काम पुढे सरकतं, हे रोज बघतो. स्क्रीनवर संडास होते. जमिनीखालचा खड्डा फोटोत येत नव्हता.

ग्रामीण योजनेने ज्याची शिफारस केली तो दोन खड्ड्यांचा संडास खरोखर हुशार आहे. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. आतल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. पण त्यासाठी पाणी जमिनीत मुरावं लागतं. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी मुरू देत नाही. कातळाला भेगा असतील तर तेच पाणी न गाळता थेट विहिरीकडे जाऊ शकतं. शिवाय खत झालं तरी त्याला हात कोण लावणार, हा जातीने शिकवलेला किळसेचा प्रश्न उरतोच. म्हणून ऐपत असलेलं घर सिमेंटची मोठी टाकी बांधतं. जितकी मोठी, तितकी वर्षं झाकण उघडायला नको.

सेप्टिक टँक मैला गिळून टाकत नाही. गाळ तळाशी साचत जातो. तो दोन-तीन वर्षांनी उपसावा, असं सरकारी मार्गदर्शन आहे. वर्षानुवर्षं न उपसलेल्या टाकीत विषारी वायू कोंडतो आणि तिथेच माणूस उतरवला जातो. २०१३ च्या कायद्याने असं धोकादायक काम करून घेणं गुन्हा ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबाला २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. भरपाईचा आकडा वाढवावा लागला, म्हणजे माणसं उतरतच होती.

धोरणाला खड्ड्याचा तळ दिसायला बराच उशीर झाला. शहरांसाठी मैला गाळ व्यवस्थापनाचं राष्ट्रीय धोरण २०१७ मध्ये आलं. वाई आणि सिन्नर या लहान शहरांनी टाकी तुंबायची वाट न बघता ठरलेल्या पाळीने उपसा सुरू केला. २०२० पासून स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात गावांच्या मैला गाळाचाही विचार आला.

आता पाळी आपली. तुमच्या ग्रामसभेत संडासांची संख्या वाचून दाखवतील तेव्हा तीन प्रश्न विचारा. टाक्या शेवटच्या कधी उपसल्या? गाडी तो गाळ कुठे ओतते? आणि टाकीत कोणी माणूस उतरतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं ठामपणे मिळेपर्यंत खाली बसू नका. अप्पासाहेबांनी तुरुंगात अन्न सोडलं, ते याच प्रश्नासाठी.