सार्वकालिक जीवन

सार्वकालिक जीवन ही ख्रिस्ती धर्मश्रद्धेतील एक मूलभूत संकल्पना आहे. देव आणि माणूस यांच्यातील नाते मृत्यूने संपत नाही. येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानामुळे श्रद्धावंतही मृत्यूनंतर उठवले जातील आणि देवाच्या सान्निध्यात कायमचे राहतील, अशी आशा या संकल्पनेतून व्यक्त होते. मात्र ख्रिस्ती धर्मविचारात सार्वकालिक जीवन म्हणजे केवळ मरणोत्तर अवस्था नव्हे. श्रद्धेबरोबर ते याच आयुष्यात सुरू होते आणि म्हणून त्याचा संबंध दैनंदिन आचरणाशी येतो, असे मानले जाते. मराठी प्रदेशात या श्रद्धेला मिळालेल्या रूपांपैकी दोन विशेष उल्लेखनीय रूपे नाशिक आणि त्याच्या परिसराशी निगडित आहेत : शरणपूर येथील एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती वसाहत आणि नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवनकार्य.

संज्ञा

नव्या करारातील ‘झोए आयोनिऑस’ या ग्रीक शब्दप्रयोगासाठी मराठी बायबलमध्ये ‘सार्वकालिक जीवन’ ही संज्ञा रूढ झाली. काही भाषांतरांत ‘अनंतकाळचे जीवन’ किंवा ‘शाश्वत जीवन’ असे पर्याय आढळतात. ‘झोए’ म्हणजे जीवन. ‘आयोनिऑस’ हे विशेषण ‘युग’ या अर्थाच्या शब्दापासून बनले आहे. त्यामुळे मूळ शब्दप्रयोगात ‘न संपणारे जीवन’ या अर्थाबरोबरच ‘येणाऱ्या युगाचे जीवन’ असाही अर्थ आहे. या जीवनाचा कालावधी किती, यापेक्षा त्याचे स्वरूप कसे आहे, यावर अभ्यासक अधिक भर देतात.

‘आशा’ हा शब्दही या संदर्भात विशिष्ट अर्थाने वापरला जातो. नेहमीच्या बोलण्यात आशेत अनिश्चितता गृहीत असते. नव्या करारात मात्र आशा म्हणजे देवाच्या वचनावर आधारलेली खात्रीपूर्वक अपेक्षा होय. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तिला जिवासाठी असलेल्या नांगराची उपमा दिली आहे (६:१९). प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांच्या रोममधील थडग्यांवर नांगराचे चिन्ह कोरलेले आढळते.

बायबलमधील आधार

जुन्या करारात मरणोत्तर जीवनाविषयीचे उल्लेख थोडे आहेत. दानीएलाच्या पुस्तकात मृतांच्या उठण्याचा स्पष्ट निर्देश आहे (१२:२). येशूच्या काळात यहुदी समाजात या प्रश्नावर मतभेद होते. परूशी पंथ पुनरुत्थान मानत असे, तर सदूकी पंथ ते नाकारत असे.

योहानकृत शुभवर्तमानात हा विषय सर्वाधिक विस्ताराने येतो. देवाला व त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणे हेच सार्वकालिक जीवन, अशी त्याची व्याख्या तेथे केली आहे (१७:३). विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात आधीच पोहोचला आहे, असेही त्यात म्हटले आहे (५:२४). लाजराच्या मृत्यूच्या प्रसंगी येशू मार्थेशी जे बोलतो (अध्याय ११), ते वाचन ख्रिस्ती अंत्यविधीत अनेक ठिकाणी केले जाते.

पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय पुनरुत्थानाविषयी आहे. ख्रिस्त उठला नसेल, तर सगळी श्रद्धा व्यर्थ ठरेल, असा युक्तिवाद पौल तेथे करतो. पेरलेले बी आणि त्यातून उगवलेले रोप यांच्या दृष्टान्ताने तो मर्त्य व अविनाशी देहांतील संबंध समजावतो. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो श्रद्धावंतांना शोक करण्यास मनाई करत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नये, एवढेच सांगतो (४:१३).

‘प्रेषितांचा मतांगीकार’ या प्राचीन श्रद्धानिवेदनाचा शेवट देहाचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन यांवरील विश्वासाच्या उच्चाराने होतो.

आशा आणि आचरण

सार्वकालिक जीवन आताच सुरू होत असेल, तर ते आता कसे जगावे, हा प्रश्न ओघाने येतो. बायबलमध्ये त्याचे उत्तर ‘देवाबरोबर चालणे’ या प्रतिमेतून दिले आहे. मीखा संदेष्टा न्यायाने वागणे, दया करणे आणि देवासमोर नम्रपणे चालणे या तीन गोष्टी एकत्र मांडतो (६:८). मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचा निकष म्हणून भुकेल्याला अन्न देणे, परक्याला आश्रय देणे आणि आजाऱ्याची व बंदिवानाची विचारपूस करणे ही कृत्ये सांगितली आहेत.

देवाच्या सान्निध्याची सतत जाणीव ठेवून सामान्य कामे करण्याची साधनाही ख्रिस्ती परंपरेत विकसित झाली. सतराव्या शतकात पॅरिसमधील कार्मेलाईट मठात स्वयंपाकघरात काम करणारे ब्रदर लॉरेन्स (मृत्यू १६९१) हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय.

मोक्षकल्पनेशी तुलना

ख्रिस्ती धर्मप्रसारकांना आणि मराठी ख्रिस्ती लेखकांना ही संकल्पना मांडताना भारतीय परंपरेतील प्रचलित शब्दांचा विचार करावा लागला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराण’ या ओवीबद्ध ग्रंथात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द स्वीकारला. पंडिता रमाबाई यांनी केडगाव येथील आपल्या संस्थेला ‘मुक्ती’ हे नाव दिले.

शब्द समान असले, तरी आशयात फरक आहे. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती मतात पुनर्जन्म नसल्याने असा फेरा गृहीत धरलेला नाही. अद्वैत वेदान्तात जीव व ब्रह्म यांचे ऐक्य हे अंतिम सत्य मानले जाते, तर सार्वकालिक जीवनात देव आणि भक्त हे भेद राखूनच परस्परसहवासात राहतात. या बाबतीत ही कल्पना भक्तिमार्गाला अधिक जवळची आहे. मुक्तीपेक्षा देवाचा सहवास आणि संतसंग श्रेष्ठ मानण्याची वारकरी संतांची वृत्ती मराठी ख्रिस्ती कवींना विशेष जवळची वाटली. मात्र ख्रिस्ती आशेत आत्म्याबरोबर देहाचेही पुनरुत्थान अभिप्रेत आहे, हा तिचा स्वतंत्र विशेष होय.

नाशिक परिसरातील परंपरा

गोदावरीकाठचे नाशिक हे मृत्यू आणि सद्गती यांविषयीच्या हिंदू श्रद्धेचे महत्त्वाचे क्षेत्र आहे. रामकुंडात अस्थिविसर्जन करण्यासाठी दूरवरून लोक येथे येतात. याच नगरात चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने १८३२ मध्ये कामाला सुरुवात केली.

शरणपूर

१८५० च्या दशकात रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या पुढाकाराने नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. नव्याने ख्रिस्ती झालेली कुटुंबे आणि अनाथ मुले यांना तेथे आश्रय मिळे. शाळेबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारख्या हस्तव्यवसायांचे शिक्षणही दिले जाई. अरबी समुद्रात ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या व्यापाऱ्यांकडून सोडवलेली आफ्रिकी मुलेही या वसाहतीत वाढली. ती पुढे ‘नासिक बॉइज’ या नावाने ओळखली गेली. आईवडील, गाव आणि मातृभाषा यांना अंतरलेल्या या मुलांना शरणपुरात नवी नावे, शिक्षण आणि ख्रिस्ती श्रद्धा मिळाली. नव्या नावांबरोबर त्यांची मूळ ओळख पुसली गेली, याकडेही आधुनिक इतिहासकार लक्ष वेधतात.

प्रवासी व धर्मप्रसारक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी १८६५ मध्ये नाशिकला भेट दिली आणि आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी येथील नऊ तरुण निवडले. त्यांपैकी एडवर्ड गार्डनर मोहिमेच्या अखेरपर्यंत टिकून राहिले. १८७२ मध्ये हेन्री स्टॅन्ली यांनी झांझिबारहून पाठवलेल्या तुकडीतून जेकब वेनराइट हे शरणपुरात शिकलेले याओ जमातीचे तरुण लिव्हिंगस्टन यांच्याकडे गेले.

मे १८७३ मध्ये सध्याच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी लिव्हिंगस्टन यांचा मृत्यू झाला. सहकाऱ्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. त्या वेळी तेथे कोणीही पाळक नव्हता. वेनराइट यांनी अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातील दफनविधी वाचला आणि झाडाच्या खोडावर मृताचे नाव कोरले. मृत देह मातीला सोपवताना पुनरुत्थानाची व सार्वकालिक जीवनाची आशा उच्चारणे हा या विधीचा गाभा आहे. त्यानंतर सुसी, चुमा, वेनराइट आणि इतर सहकाऱ्यांनी अनेक महिने पायी प्रवास करून पार्थिव किनाऱ्यावरील बागामोयो येथे पोहोचवले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या दफनाच्या वेळी शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांमध्ये वेनराइट यांचा समावेश होता.

प्राइस यांनी १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत स्थापन केली. शरणपुरातील अनेक आफ्रिकी ख्रिस्ती तेथे स्थलांतरित झाले व पूर्व आफ्रिकेतील चर्चच्या उभारणीत सहभागी झाले.

टिळक दांपत्य

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे काही शिक्षण नाशिक येथे झाले. गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांचा जन्म नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामुळे पती-पत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या आणि कालांतराने त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना जातिभेद मानवनिर्मित असल्याची जाणीव झाली आणि त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. हा बदल त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वर्णिला आहे. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना या दांपत्याने आपल्या घरी आश्रय दिला.

टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात समान स्थान होते. देवाच्या सान्निध्यात राहणे हे मृत्यूनंतरचे फळ न मानता वर्तमानातील बंधुभावाचे जीवन मानण्याचा तो प्रयत्न होता. टिळकांच्या मृत्यूमुळे तो अल्पजीवी ठरला. त्यांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.

दफन आणि दहन

देहाच्या पुनरुत्थानावरील विश्वासामुळे ख्रिस्ती समाजात दफनाची प्रथा रूढ झाली. टिळकांच्या इच्छेनुसार मात्र ९ मे १९१९ रोजी झालेल्या त्यांच्या मृत्यूनंतर पार्थिवाचे दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगर येथे नेण्यात आल्या. त्या काळातील ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने ही असाधारण घटना होती. पुनरुत्थान देवाच्या सामर्थ्यावर अवलंबून असल्याने देहाचे दहन त्याला बाधक ठरत नाही, असे मत पुढे अधिक मान्य झाले. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनावरील बंदी शिथिल केली. अस्थी विखुरण्याऐवजी पवित्र स्थळी जतन कराव्यात, असे २०१६ च्या सूचनेत सांगितले आहे.

मतभेद आणि टीका

मृत्यू व पुनरुत्थान यांमधील अवस्थेविषयी ख्रिस्ती पंथांत एकमत नाही. कॅथलिक चर्च शुद्धिस्थान मानते आणि २ नोव्हेंबर रोजी सर्व मृतांचे स्मरण करते. प्रॉटेस्टंट पंथ सामान्यतः शुद्धिस्थान मानत नाहीत. अखेरीस सर्वांचे तारण होईल की नाही, हाही वादाचा विषय आहे.

परलोकाची आशा माणसाला या जगातील अन्याय सहन करायला लावते, अशी टीका कार्ल मार्क्स आणि इतर विचारवंतांनी केली. जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान यांनी १९६४ मधील आपल्या ग्रंथात याउलट भूमिका मांडली. पुनरुत्थानाची आशा बाळगणारा माणूस आहे त्या परिस्थितीशी समेट करू शकत नाही. ती बदलण्याची प्रेरणा त्याला त्या आशेतूनच मिळते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये ख्रिस्ती आशेवर स्वतंत्र परिपत्रक काढले. सार्वकालिक जीवन म्हणजे दिनदर्शिकेतील दिवसांची न संपणारी मालिका नव्हे, हे त्यात स्पष्ट केले आहे.

हे सुद्धा पहा

पुनरुत्थान
नारायण वामन टिळक
लक्ष्मीबाई टिळक
डेव्हिड लिव्हिंगस्टन
मोक्ष