डनब्लेन : साडेनऊच्या आधी

सोमवार, ११ नोव्हेंबर १९९१
अजून ४ वर्षं, ४ महिने, २ दिवस.

स्कॉटलंडमधलं स्टर्लिंग. सेंट्रल स्कॉटलंड पोलिसांच्या बालसंरक्षण पथकाचे प्रमुख, डिटेक्टिव्ह सार्जंट पॉल ह्यूज, वरिष्ठांसाठी एक टिपण लिहितात. विषय थॉमस हॅमिल्टन, वय ३९. हा गृहस्थ मुलग्यांसाठी क्लब चालवतो, उन्हाळ्यात शिबिरं भरवतो. त्या जुलैत लॉख लोमंड सरोवराच्या काठी त्यानं घेतलेल्या शिबिराबद्दल तक्रारी आल्या आणि तपास ह्यूज यांच्याकडे आला. त्यांचं मत टिपणात स्वच्छ आहे : माणूस अस्थिर आहे, मुलांना त्याच्यापासून धोका आहे, त्याच्याकडे बंदुकीचा परवाना असणं योग्य नाही. परवाना रद्द करण्याचा विचार व्हावा.

टिपण वर चढत उपमुख्य कॉन्स्टेबल डग्लस मॅकमर्डो यांच्याकडे पोचतं. हॅमिल्टनवर एकही गुन्हा शाबीत नाही. परवाना रद्द केला तर तो अपिलात जाणार, आणि तिथे निर्णय टिकेल याची खात्री नाही. शेरा पडतो : कारवाई नाही.

फेब्रुवारी १९९२
अजून ४ वर्षं.

परवान्याची तीन वर्षांची मुदत संपते. नूतनीकरण होतं.

हॅमिल्टनचा पहिला परवाना फेब्रुवारी १९७७ चा. त्याआधी, १९७४ मध्ये, स्काउट संघटनेनं त्याला पथकप्रमुख पदावरून दूर केलं होतं. पण बंदुकीच्या अर्जावर त्याचा काही परिणाम झाला नाही. ब्रिटिश कायद्याप्रमाणे पिस्तूल बाळगायला ‘योग्य कारण’ लागायचं आणि क्लबात नेमबाजी करतो हे कारण पुरेसं होतं. त्या काळात ब्रिटनमध्ये हजारो लोक हा छंद करत होते, आणि बहुतेक जण अतिशय काटेकोरपणे.

रेंजवर गेलेल्या कुणालाही ही शिस्त ठाऊक असते. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला. हुकूम मिळेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. गोळ्या झाडून झाल्या की मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून चेंबर उघडं करायचं, रेंज ऑफिसरला रिकामं दाखवायचं आणि मगच पिस्तूल खाली ठेवायचं. पुढे कुणी लक्ष्याचे कागद बदलायला गेलं असेल तर बंदुकीला हातसुद्धा लावायचा नाही. हे नियम चांगले आहेत, त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. ते हात चुकू नये म्हणून केलेले आहेत. रेंज सोडून पिस्तूल घरी निघालं की पुढची सगळी भिस्त परवान्यावर.

१९९५ चा आरंभ
अजून वर्षभर.

पुन्हा मुदत संपते. एक महिला पोलीस कर्मचारी तपासणीला जाते. शस्त्रं ठेवण्याची जागा बंदिस्त आहे का, नोंदी जुळतात का, हे पाहायचं असतं. ते सगळं जागच्या जागी आहे. तरी तिला या माणसाबद्दल कसंसंच वाटतं. बोट ठेवावं असं मात्र काही सापडत नाही, आणि अर्जाच्या नमुन्यात अस्वस्थतेसाठी रकाना नसतो. ह्यूज यांचं टिपण तिच्यासमोर नाही. नूतनीकरण होतं.

मला या साऱ्या घटनाक्रमात हीच भेट सगळ्यात जास्त सलते. १९९१ चा कागद आणि १९९५ ची शंका एकमेकांना कधी भेटलीच नाहीत. कुलूप तपासलं गेलं, माणूस राहिला.

सप्टेंबर १९९५
अजून ६ महिने.

मधली कित्येक वर्षं हॅमिल्टनची नेमबाजी जवळजवळ बंद होती. परवान्यानं मुभा दिलेली काही शस्त्रं त्यानं घेतलीही नव्हती. मग ‘योग्य कारण’ उरलं कुठे, हे कुणी विचारलं नाही. आता तो पुन्हा पिस्तुलं आणि काडतुसं विकत घेऊ लागतो. प्रत्येक खरेदी परवान्यावर चढते. प्रत्येक खरेदी कायदेशीर आहे.

डनब्लेनमध्येही त्याचा मुलांचा क्लब भरतो. तिथल्या एका लहान मुलाला तो वारंवार विचारतो : तुमच्या शाळेच्या व्यायामशाळेत कुठून जायचं? सकाळची सभा किती वाजता? मुलगा सांगतो. यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं त्या वयात त्याला कसं वाटावं?

गुरुवार, ७ मार्च १९९६
अजून ६ दिवस.

हॅमिल्टन राणी एलिझाबेथला पत्र लिहितो. स्काउट संघटनेनं आणि लोकांनी आपली बदनामी केली, ही त्याची वीस वर्षांची तक्रार.

बुधवार, १३ मार्च १९९६

सकाळी ८.१५
स्टर्लिंग. केंट रोडवरच्या घरासमोर हॅमिल्टन एका पांढऱ्या व्हॅनवरचा बर्फ खरवडतो आहे. शेजारी थांबतो, दोन शब्द बोलतो. बोलणं नेहमीसारखंच. थोड्या वेळानं व्हॅन डनब्लेनच्या दिशेनं निघते.

९.१०
डनब्लेन प्राथमिक शाळा, ६४० मुलं. सभागृहात पहिली ते तिसरीच्या वर्गांची सभा सुरू होते. सुमारे २५० मुलं जमली आहेत.

९.३०
सभा संपते. पहिलीच्या एका वर्गाचा व्यायामाचा तास आहे. २८ मुलं, त्यातली २५ पाच वर्षांची, ३ सहा वर्षांची. मुलांनी व्यायामाचे कपडे आधीच घातले आहेत. वर्गशिक्षिका ग्वेन मेयर, वय ४५, मुलांना घेऊन व्यायामशाळेत येतात. सोबत आणखी दोघी.

याच सुमारास व्हॅन शाळेच्या खालच्या वाहनतळावर, टेलिफोनच्या खांबाला लागून उभी राहते. हॅमिल्टन पकडीनं तारा तोडतो. त्या आजूबाजूच्या घरांच्या आहेत, शाळेचा फोन चालूच राहतो.

त्याच्याजवळ दोन ९ मिमी ब्राउनिंग पिस्तुलं, दोन .३५७ स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर आणि ७४३ काडतुसं आहेत. चारही शस्त्रं परवान्यावरची. मुख्य दारानं गेला असता तर बहुधा कुणाच्या तरी नजरेस पडला असता. तो व्यायामशाळेजवळच्या बाजूच्या दारानं आत शिरतो.

९.३५ च्या आसपास
तीन ते चार मिनिटं. १०५ गोळ्या, सगळ्या एकाच ब्राउनिंगमधून.

व्यायामशाळेत जे झालं त्याचं वर्णन मी करणार नाही. बाहेरची एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. आवारात एक सुटी वर्गखोली होती. आवाज ऐकून तिथल्या शिक्षिकेनं मुलांना खाली जमिनीवर झोपायला सांगितलं. मुलं झोपतात न झोपतात तोच खिडकीतून गोळ्या आल्या, पुस्तकांत आणि खुर्च्यांत घुसल्या. एक गोळी ज्या खुर्चीत गेली तिच्यावर काही क्षणांपूर्वी एक मूल बसलेलं होतं. त्या खोलीत कुणाला इजा झाली नाही.

मग हॅमिल्टन व्यायामशाळेत परततो आणि स्वतःचा जीव घेतो.

९.४१
मुख्याध्यापकांचा फोन पोलिसांना लागतो.

९.५७
पहिली रुग्णवाहिका.

१०.०४
गावातल्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि परिचारिका पोचतात.

११.१० पर्यंत
सगळे जखमी स्टर्लिंगच्या रुग्णालयात हलवले जातात. फाटकाबाहेर पालकांची गर्दी. कुणाचं मूल कोणत्या वर्गात, एवढ्यावर सगळं ठरणार आहे. काही घरांना दुपार उलटेपर्यंत काहीच सांगितलं जात नाही.

ग्वेन मेयर आणि १६ मुलं गेली. १५ जण जखमी.

ऑक्टोबर १९९६

लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध होतो. १९९१ च्या टिपणावर निष्कर्ष असा : मॅकमर्डो यांनी आणखी चौकशी करायला हवी होती, आणि परवाना रद्द करण्यासाठी आधार होता. मॅकमर्डो राजीनामा देतात. परवान्यामागच्या ‘योग्य कारणा’ची खरी छाननी झाली नाही, यावरही अहवालात बोट आहे. घरी ठेवताना पिस्तुलाचे मुख्य भाग काढून ते निकामी करून ठेवावं, ही त्यातली एक सूचना. ते शक्य नसेल तर वैयक्तिक मालकीवर बंदीचा विचार व्हावा.

मृत मुलांच्या आईवडिलांना आणि देशातल्या असंख्य लोकांना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. ‘स्नोड्रॉप’ नावाच्या अर्जावर सात लाखांहून अधिक सह्या झाल्या. मार्चमध्ये डनब्लेनला हे एकच फूल फुललेलं असतं, म्हणून ते नाव. १९९७ च्या दोन कायद्यांनी ग्रेट ब्रिटनमध्ये खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली, .२२ च्या स्पर्धेच्या पिस्तुलासकट. प्रामाणिक नेमबाजांनी वर्षानुवर्षं जपलेली पिस्तुलं पोलिसांत जमा केली. त्यांना ते अन्यायाचं वाटलं, आणि त्यांच्या जागी मला कदाचित तसंच वाटलं असतं. तरी त्या पालकांसमोर उभं राहून मला उलटं काही बोलता येणार नाही.

ऑलिंपिकला जाणाऱ्या ब्रिटिश पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेश गाठावा लागला. जुलै २०१४ मध्ये ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेची नेमबाजी स्कॉटलंडमधल्याच बॅरी बडन इथे झाली, तेव्हा .२२ च्या पिस्तुलांसाठी सरकारची खास परवानगी लागली. २५ मीटर पिस्तूल प्रकारात तिथे कोल्हापूरच्या राही सरनोबतनं सुवर्णपदक जिंकलं.