सीमारेषेवरच्या नदीतील ट्राउट

टेक्सास म्हटले की तापलेली माळराने, गुरांचे कळप आणि तेलविहिरी डोळ्यांसमोर येतात. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांपर्यंत सहज चढणाऱ्या या अमेरिकी राज्यात थंड ओढ्यांचा रहिवासी असलेला ट्राउट मासा आढळावा, हे नवलच. सॅन अँटोनियो शहराच्या उत्तरेस कॅनियन धरणाखाली वाहणाऱ्या ग्वाडालूप नदीच्या काही मैलांच्या पट्ट्यात मात्र हे नवल सुमारे सहा दशके टिकून आहे. त्यासाठी दरवर्षी हिवाळ्यात मासे सोडले जातात. परंतु हौशी मासेमारांना खरा झगडा करावा लागला तो पाण्यासाठी.

ज्या नदीत ट्राउट वर्षातील काही महिने सुखाने जगतो, पण उन्हाळ्यात त्याचे जगणे बेभरवशाचे होते, तिला मत्स्यशास्त्रज्ञ ट्राउटच्या दृष्टीने सीमारेषेवरची नदी मानतात. अशा नदीचे व्यवस्थापन कसे करावे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा वस्तुपाठ ग्वाडालूपने घालून दिला आहे.

अंशांचा हिशेब

ट्राउटला साधारणतः १० ते १६ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी मानवते. २० अंशांच्या पुढे त्याच्यावर ताण येऊ लागतो आणि पाणी २५ अंशांच्या आसपास बराच काळ राहिल्यास तो मरतो. यामागे प्राणवायूचे गणित आहे. १० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. २५ अंशांना हे प्रमाण ८ मिलिग्रॅमच्या जवळपास येते. म्हणजे पाणी तापते तेव्हा माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि त्याच वेळी पुरवठा आटतो.

त्यामुळे मासे सोडण्यापूर्वी नदीचे तापमान मोजणे ही पहिली पायरी ठरते. वर्षाची सरासरी येथे उपयोगाची नसते. उन्हाळ्यातील सर्वांत वाईट आठवड्यात पाणी किती तापते आणि रात्री किती निवते, हे पाहावे लागते. तापल्या दिवसांत माशांना आसरा देणारे झरे, खोल डोह आणि थंड उपनद्यांची मुखे यांचीही नोंद घ्यावी लागते.

धरणाच्या तळातील थंडावा

कॅनियन धरणात १९६४ मध्ये पाणी साठवण्यास प्रारंभ झाला. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचा थर उन्हाने तापतो, तर जड आणि थंड पाणी तळाशी राहते. या धरणातून विसर्ग तळाकडील भागातून होत असल्याने भर उन्हाळ्यातही खालच्या नदीला गार पाणी मिळते. हे ध्यानात आल्यावर लोन स्टार या मद्यनिर्मिती कंपनीच्या पुढाकाराने १९६६ मध्ये येथे ट्राउट सोडण्यात आले. पुढे राज्याच्या वन्यजीव विभागाने ही जबाबदारी उचलली.

तळातील हा थंडावा मर्यादित असतो. उन्हाळ्याच्या प्रारंभीच मोठा विसर्ग केल्यास थंड साठा ऑगस्टपूर्वीच संपण्याची भीती असते. विसर्ग फारच कमी ठेवला, तर उथळ, संथ पाणी चुनखडीच्या तापलेल्या पात्रावरून वाहताना काही मैलांतच ऊन होते. ट्राउटचा पट्टा किती लांब राहणार, हे अशा रीतीने धरणाच्या दरवाजाशी ठरते.

कधी, किती, केवढे

सोडायच्या माशाचा आकार उद्दिष्टावरून ठरतो. बोटुकली स्वस्त पडते. पण तिला वाढण्यासाठी किमान एक उन्हाळा काढावा लागतो. जेथे उन्हाळाच घातक आहे, तेथे हा खर्च पाण्यात जातो. म्हणून टेक्सासमधील शहरी तलावांत हिवाळ्यात पकडण्याजोगे मोठे ट्राउट सोडतात. ते वसंताच्या अखेरीपर्यंत पकडले जावेत, हीच अपेक्षा असते. अशा ठिकाणी मासा पाण्यात परत सोडण्याचा आग्रह निरर्थक ठरतो, कारण तो पुढे उन्हाने मरणारच असतो.

ग्वाडालूपमध्ये धरणानजीकचे मासे उन्हाळा काढू शकतात, म्हणून तेथील नियम वेगळे आहेत. एका विशेष पट्ट्यात केवळ कृत्रिम आमिष वापरता येते आणि १८ इंचांहून लहान ट्राउट परत सोडावा लागतो. एकाच नदीत अंतरानुसार नियम बदलण्यामागे तापमानाचाच हिशेब आहे.

मासे सोडण्याच्या पद्धतीलाही महत्त्व आहे. टाकीतील आणि नदीतील पाण्याच्या तापमानात मोठा फरक असेल, तर मासे थेट ओतणे घातक ठरते. त्यांना नदीच्या पाण्याची हळूहळू सवय करून द्यावी लागते. सर्व मासे एकाच पुलाखाली न सोडता पात्रभर विखरून सोडणे हिताचे असते. पाणी २० अंशांपलीकडे गेल्यावर गळाला लागून दमलेला मासा परत सोडूनही दगावू शकतो. त्यामुळेच माँटाना राज्यात तापलेल्या नद्यांवर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा उपाय योजतात.

सोडणे थांबवल्याचा लाभ

माँटानाचा आणखी एक धडा नेमका उलटा आहे. तेथील मॅडिसन नदीवरील अभ्यासात असे आढळले, की केंद्रात वाढवलेले मासे सोडल्याने नदीतील नैसर्गिक ट्राउटची संख्या घटते. १९७४ मध्ये या राज्याने नैसर्गिक प्रजनन होणाऱ्या नद्यांत ट्राउट सोडणे बंद केले. जेथे मासा स्वतः वाढतो, तेथे बाहेरची भर अपायकारक ठरते; जेथे त्याचे प्रजनन होत नाही, तेथे भर घातल्यावाचून मासेमारी टिकत नाही. आपली नदी यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे आधी ठरवावे लागते.

क्युसेकची लढाई

ग्वाडालूपवरील हौशी मासेमारांची 'ग्वाडालूप रिव्हर ट्राउट अनलिमिटेड' ही संघटना १९६६ पासून कार्यरत आहे. वर्गणीतून ती स्वतः मासे सोडते आणि खासगी मालकीच्या काठांवरून सभासदांना नदीत उतरता यावे, यासाठी जागा भाड्याने घेते. जलाशयातून अधिक पाणी उचलण्याच्या प्रस्तावाला तिने हरकत घेतली. त्या वादातून २००१ मध्ये नदी प्राधिकरणाशी करार झाला. जलाशयात पुरेसा साठा असल्यास उन्हाळ्यात किमान विसर्ग राखावा, असे त्यात ठरले.

'पुरेसा साठा असल्यास' ही अटच कळीची आहे. २०२३ आणि २०२४ च्या दुष्काळात जलाशयाची पातळी नीचांकी गेली आणि विसर्ग घटला. जुलै २०२५ मध्ये वरच्या खोऱ्यात शंभरहून अधिक बळी घेणारा पूर आला आणि जलाशयात पाणी चढले. या पाण्यावर वाढत्या शहरांचा, उद्योगांचा, शेतीचा आणि सागरमुखाचाही हक्क आहे. या रांगेत बाहेरून आणलेल्या माशाचे स्थान कोठे, हा प्रश्न प्रत्येक दुष्काळात नव्याने उभा राहतो.

भारतातील अनुभव

भारतातही ट्राउट पाहुणाच आहे. १८९९ मध्ये काश्मीरकडे धाडलेली ट्राउटची अंडी वाटेतच नष्ट झाली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली खेप मात्र तगली. १९०९ मध्ये हा मासा कुलूच्या खोऱ्यात पोहोचला. हिमाचलात प्रजननाच्या काळात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ट्राउटची मासेमारी बंद असते. तेथे तीर्थन नदी जलविद्युत प्रकल्पांपासून मुक्त ठेवण्याचा निर्णय झाला, ही त्या माशाच्या दृष्टीने कोणत्याही मत्स्यबीजाहून मोठी मदत ठरली.

पाहुण्याची किंमत स्थानिकांना मोजावी लागू शकते, हेही विसरता येत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या शंभर घातक उपऱ्या जातींच्या यादीत तपकिरी आणि इंद्रधनुषी असे दोन्ही ट्राउट आहेत. महाराष्ट्राच्या नद्यांत ट्राउट तगणे शक्य नसले, तरी हा धडा येथूनही गेला आहे. लोणावळ्याजवळील केंद्रात वाढवलेला निळ्या परांचा महसीर कावेरीत सोडला गेला आणि तेथे फोफावला. त्या नदीचा मूळचा कुबडा महसीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. त्याच्या ऱ्हासामागे हा उपरा महसीर हे एक प्रमुख कारण असल्याचे संशोधक मानतात.

म्हणूनच नदीत मासे सोडण्याचा समारंभ होतो तेव्हा तीन प्रश्न विचारले जायला हवेत. पुढच्या उन्हाळ्यात या नदीत किती पाणी असेल? ते किती तापेल? आणि येथे आधीपासून राहणाऱ्या माशांचे काय होईल? ग्वाडालूपच्या मासेमारांनी यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांचा पाठपुरावा केला, म्हणून तेथील पाहुणा आजवर टिकला.