शिफारशीचा रकाना आणि आमचा इतिहास

नोकरीच्या अर्जात शेवटी एक रकाना असतो : तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावे. इथे आमची पोरं अडतात. बाप बिगारी, आई धुणीभांडी करणारी. नाव द्यावं असं घरात कुणी साहेब नाही. बाहेर कुणाला विचारायचं तर लाज वाटते. या लाजेला इतिहास आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात होती. तो आपल्या गावचे, नात्यातले, जातीतले लोक भरायचा. त्याचा शब्द हीच शिफारस. आमचे आजे-पणजे गिरणीत होते, पण जास्त पगाराचं विणकाम खातं त्यांना बंद होतं. तिथे कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला अस्पृश्याच्या तोंडाचा विटाळ चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला.

खुद्द बाबासाहेबांसाठीही कुणीतरी शब्द टाकावा लागला. केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, तेव्हा बी.ए.च्या शिक्षणासाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, त्यामागे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांची शिफारस होती. विद्वत्ता त्यांची स्वतःची होती. तरी ओळख लागलीच. मग तुम्ही का लाजता?

पण बाबासाहेब शिफारशीवर थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८⅓ टक्के जागा राखून घेतल्या. एका भीमरावासाठी कुणी शब्द टाकला होता. हजारोंना कुणाच्या शब्दाची गरज पडू नये, अशी ही तजवीज होती.

आज सरकारी जागा आटताहेत आणि खासगी कंपन्यांत पुन्हा 'आपला माणूस' चालतो. थोरात आणि अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं : पात्रता सारखीच असूनही दलित आडनावाच्या अर्जाला मुलाखतीचं बोलावणं कमी येतं.

म्हणून आमचं म्हणणं दोन बाजूंनी आहे. पोरांनो, शिक्षकांना, जुन्या वरिष्ठांना, चळवळीतल्या माणसांना बेधडक विचारा. नाव देण्याआधी मात्र त्यांची परवानगी घ्या आणि काम कोणतं ते सांगा. आणि आरक्षणातून साहेब झालेल्या बांधवांनो, वस्तीतल्या पोराचा फोन टाळू नका. सही करा, शब्द टाका. सोबत खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची लढाईही लढा. शिफारस एकाला आत घेते, हक्क सगळ्यांना.

जय भीम!