सहा व्होल्टपासून अलार्मपर्यंत : शहापूर-मुरबाडमधील मोटारसायकल आणि तिची बॅटरी

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन ग्रामीण तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी एकमेकांना लागून असले, तरी दळणवळणाच्या दृष्टीने त्यांच्या वाटा दीड शतकापूर्वीच वेगळ्या झाल्या. १८६१ मध्ये लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोहोचला आणि शहापूर तालुक्याची एक कड मुंबईशी जोडली गेली. मुरबाडला मात्र कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच विसंबून राहावे लागले, आणि त्या तालुक्यात आजही रेल्वे धावत नाही. शहापुरातही किन्हवली किंवा डोळखांबच्या माणसाला आसनगाव स्थानक गाठण्यासाठी बरेच अंतर कापावे लागते, तर टोकावडे-धसईकडच्या माणसाला कल्याण वा बदलापूर गाठावे लागते. घर आणि स्थानक यांमधले हे अंतर आधी बैलगाडीने, मग सायकलने आणि एस.टी.ने, आणि शेवटची गाडी चुकण्याची धास्ती ज्यांना परवडेना त्यांनी मोटारसायकलने भरून काढले. या वाहनाच्या बॅटरीचा इतिहास हा त्यामुळे येथील रोजच्या येण्याजाण्याचाही इतिहास आहे.

बॅटरीचे मूळ तत्त्व मोटारसायकलपेक्षा जुने आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांच्यापासून पुन्हा पुन्हा भारित करता येणारा विद्युतघट तयार केला आणि १८८१ मध्ये कामिय फोर याने शिशाच्या पट्टीवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन त्याची साठवणक्षमता वाढवली. अशा एका घटाचा, म्हणजे ‘सेल’चा, दाब सुमारे २ व्होल्ट असतो, म्हणून तीन सेलची बॅटरी ६ व्होल्टची आणि सहा सेलची १२ व्होल्टची. राजदूत, येझदी यांसारख्या जुन्या गाड्यांवर ६ व्होल्टची बॅटरी असे. जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या खोबणीत ॲमीटरचे छोटे तबकडीयंत्र बसवलेले असे, आणि त्यातील काटा ‘प्लस’कडे झुकला की बॅटरीत वीज भरत आहे, ‘मायनस’कडे झुकला की ती खर्च होत आहे, हे चालवणाऱ्याला बसल्या जागी कळे. येझदी-बुलेटसारख्या गाड्यांत इंजिनातील ठिणगीही बॅटरीवर अवलंबून असल्याने तो काटा शोभेचा नव्हता. याउलट माळशेज रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) कायनेटिक इंजिनीअरिंगने १९७२ मध्ये आणलेली लुना ही मोपेड मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या विजेवर चालत असे.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर बाजारात आली, तेव्हा कमी पेट्रोल पिणारी चारस्ट्रोक गाडी नोकरदार आणि शेतकरी दोघांच्याही आवाक्यात आली. अशा किकच्या गाड्यांत ठिणगीची वीज बॅटरीतून न येता थेट मॅग्नेटोतून येई. म्हणून बॅटरी पूर्ण उतरली तरी गाडी किकवर चालू होई, फक्त हॉर्न घरघरे आणि इंडिकेटर मिणमिणत. अडीच अँपिअर-तासांची, म्हणजे अडीच अँपिअर प्रवाह ढोबळमानाने एक तास पुरवू शकणारी, छोटी बॅटरी या कामाला पुरेशी होती, आणि ती ‘बसली’ तरी नवी घेण्याची घाई कोणाला नसे.

या काळातील बॅटरी-विक्रीला एक ठरावीक रीत होती. देशात बॅटरीचे कारखाने तोवर स्थिरावले होते. आज एक्साइड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीची नोंदणी १९४७ मधली, आणि तिचा चिंचवडचा कारखाना १९६९ मधला. नवी बॅटरी दुकानात कोरडी येई. विक्रेता तिच्या सहा झाकणांतून अ‍ॅसिड भरे, काही वेळ मुरू देई, मग तिला चार्जिंगला लावी आणि हायड्रोमीटरच्या नळीत अ‍ॅसिड ओढून त्यातील तरंगणाऱ्या काचेच्या मापावरून त्याचे विशिष्ट गुरुत्व पाही. पुढे पाणी आटले की डिस्टिल्ड वॉटर टाकणे आणि टर्मिनलवर चढलेला पांढरा-हिरवा क्षार गरम पाण्याने धुऊन त्यावर व्हॅसलिन लावणे हे गिऱ्हाइकाचे काम असे, आणि महिनोन्‌महिने दमट हवा असलेल्या या पट्ट्यात ते चुकवणाऱ्याची बॅटरी लवकर निकामी होई.

या व्यवस्थेला पहिला धक्का ‘सेल्फ’ने, म्हणजे बटनाने इंजिन सुरू करणाऱ्या विद्युत-मोटरीने दिला. २००१ मध्ये बजाजची पल्सर आल्यानंतर सेल्फ ही तरुणांच्या अपेक्षेची गोष्ट झाली. या मोटरीला क्षणभर का होईना, मोठा प्रवाह लागतो, म्हणून बॅटरीची क्षमताही वाढली. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असताना हेडलाइट सतत पेटता ठेवणे बंधनकारक झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ या प्रदूषण-मानकामुळे बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन संगणकनियंत्रित फ्युएल इंजेक्शन आले. पेट्रोलचा पंप आणि नियंत्रक हे विजेवर चालत असल्याने, पूर्वी हॉर्नपुरती असलेली बॅटरी आता इंजिनाच्या प्राणाशी जोडली गेली. याच काळात झाकणे नसलेली, अ‍ॅसिड काचेच्या धाग्यांच्या गादीत शोषून ठेवणारी आणि जादा वायूसाठी झडप असलेली बंद बॅटरी प्रचलित झाली व पाणी टाकण्याचे काम संपले.

दुसरा बदल कारखान्यातून नव्हे, तर वाहनतळावरून आला. सकाळची लोकल पकडण्यासाठी स्थानकाबाहेर दिवसभर सोडलेली मोटारसायकल चोरीला जाण्याच्या भीतीतून रिमोटवर चालणारा अलार्म लोकप्रिय झाला. हे यंत्र गाडीला धक्का लागताच भोंगा वाजवते, आणि त्यासाठी गाडी बंद असतानाही रिमोटच्या संदेशाची वाट पाहत थोडी वीज घेत राहते. समजा एखादा अलार्म २० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे चोवीस तासांत सुमारे अर्धा अँपिअर-तास. स्थानकाबाहेरच्या दहा तासांत त्याने ओढलेली वीज नगण्य असते, आणि बॅटरी सुस्थितीत असेल तर पुढच्या प्रवासात ती सहज भरून निघते. परंतु मालक गणपतीत आठवडाभर मुंबईस राहिला, किंवा भातलावणीच्या दिवसांत गाडी पडवीत उभी राहिली, तर अडीच अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने पाच दिवसांत, आणि नऊची एकोणीस दिवसांत रिकामी होते. प्रत्यक्षात नुकसान त्याआधीच होते, कारण उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या प्लेटवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ते चार्जिंगने पूर्णपणे विरघळत नाहीत. अलार्मचा खरा बळी रोज धावणारी गाडी नसून उभी राहणारी गाडी आहे, ही गोष्ट बॅटरी बदलताना बहुधा लक्षात घेतली जात नाही.

पर्यायी बॅटरी निवडण्याची रीत या इतिहासातूनच उमगते. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील जत्रेत बैलाचे वय त्याचे दात पाहून ताडले जाते. बॅटरीचे दात म्हणजे तिच्यावर छापलेला निर्मितीचा महिना, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू उतरत असते. त्यानंतर व्होल्ट, अँपिअर-तास, खोक्याचे माप आणि प्लस-मायनसची बाजू ही चारही अंगे जुन्या बॅटरीशी जुळावी लागतात. प्लस उलट्या बाजूला असेल तर वायर ताणावी लागते आणि शॉर्ट होण्याचा धोका राहतो. मोठी बॅटरी बसवली की अलार्मची चिंता मिटली, ही समजूत अर्धवट आहे. मोठ्या बॅटरीने उभ्या गाडीला काही दिवस जास्त मिळतात. पण गाडीचे चार्जिंग मूळ क्षमतेनुसार आखलेले असते आणि अलार्म तेवढीच वीज खात राहतो. वजनाने हलकी लिथियम बॅटरीही गाडीच्या चार्जिंगचा दाब तिला मानवणारा असेल तरच घेण्याजोगी असते.

म्हणून खर्च करण्यापूर्वी दोन मोजमापे आवश्यक ठरतात. इंजिन चालू असताना टर्मिनलवर सुमारे १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले, तर चार्जिंग ठीक आहे. ते कमी असेल, तर नवी बॅटरीही तशीच बसेल. दुसरे, गाडी बंद करून अलार्म लावलेल्या स्थितीत बॅटरीचा फ्यूज काढून त्या जागी मल्टिमीटर जोडला की उभ्या गाडीचा खरा खर्च मिलिअँपिअरमध्ये दिसतो. जुन्या बुलेटच्या तबकडीतील काटा जे आपोआप सांगे, ते आता असे मुद्दाम मोजावे लागते.

निकामी बॅटरीचाही हिशेब असतो. तिच्यातील शिसे विषारी असले तरी पुन्हा वितळवून वापरता येते. म्हणूनच २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकाचे दायित्व अधिक वाढवले. जुनी बॅटरी देऊन नवीच्या किमतीत सूट घेण्याची दुकानातील पद्धत या नियमांशी सुसंगत आहे, आणि बॅटरी ओढ्याकाठच्या भंगारात टाकण्यापेक्षा गिऱ्हाइकालाही फायद्याची आहे. अलार्म असलेल्या मोटारसायकलसाठी मात्र सर्वांत स्वस्त उपाय दुकानात मिळत नाही : गाडी चार दिवसांहून अधिक उभी राहणार असेल आणि ती घराच्या कुलपात सुरक्षित असेल, तर बॅटरीची मायनस वायर काढून ठेवावी.